एका एकरात झोपलेले चार कोटी

मनमाडजवळ, अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याला रब्बी कांद्याचा एक एकर घ्या. लागवड १५ बाय १० सेंटिमीटरवर. म्हणजे चौरस मीटरला ६६ रोपं आणि एकरात साधारण २ लाख ७० हजार. हा हिशेब इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो, कारण रोपं किती लागतील, लावणीला माणसं किती, गोणी किती, सगळं त्यावरूनच ठरतं. त्याच एकरात आणखी एक लोकसंख्या नांदत असते. तिची मोजदाद कोणी करत नाही. ती जमिनीत असते, जिवंत असते आणि झोपलेली असते.

एका एकराच्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन ९०० टनांच्या घरात जातं. मनमाड जंक्शनवर धान्याची मालगाडी येते तिच्या एका डब्यात साठेक टन माल मावतो. त्या मापाने ही माती उचलायला १५ डबे लागतील. या १५ डबे मातीत तणांच्या बिया किती? शेतातली माती आणायची, पसरट ट्रेमध्ये पातळ थर द्यायचा, पाणी घालायचं, उगवलेली रोपं मोजून उपटायची, माती हलवायची, पुन्हा पाणी, पुन्हा मोजणी. शास्त्रज्ञ हे काम शंभराहून अधिक वर्षं करत आले आहेत. त्यांचे आकडे चौरस मीटरला काही शे बियांपासून लाखाच्या वरपर्यंत जातात. आपण हिशेबाला सोपा म्हणून १०,००० धरू. नेमाने पिकणाऱ्या, पण तण फुलावर येऊ देणाऱ्या शेताला हा आकडा फुगवलेला नाही. एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे चार कोटी बिया. कांद्याच्या एकेका रोपामागे दीडशे.

या चार कोटींपैकी एका हंगामात उगवतात फार थोड्या. आजवरच्या बहुतेक मोजण्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, पुष्कळदा पाच टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. पाच टक्के धरले तरी चौरस मीटरला ५०० तणं. बायका ओळीने बसून दिवसभर खुरपतात, तेव्हा त्या या पाच टक्क्यांशी झगडत असतात. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांना खुरप्याचा धक्काही लागलेला नसतो. खुरपणी करून आठ-दहा दिवसांत शेत पुन्हा हिरवं दिसलं की आपण म्हणतो, ‘मेलं तण परत आलं.’ ते परत आलेलं नसतं. उपटलेलं तण मेलंच. वर आलेलं असतं ते त्याच साठ्यातलं दुसरं.

बीला ओल मिळाली, ऊब मिळाली, हवा मिळाली, तरी ते उगवत नाही, या अवस्थेला शास्त्रात सुप्तावस्था म्हणतात. बी मेलेलं नसतं, आजारी नसतं. आत गर्भ शाबूत असतो, त्याचा श्वास अतिशय मंद चाललेला असतो. त्याला एका विशिष्ट खुणेची वाट पाहायची असते आणि ती खूण मिळेपर्यंत ते थांबतं. काही महिने थांबतं, काही वर्षं, आणि काही जातींत माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त.

हे थांबणं कशासाठी, हे समजून घ्यायला मनमाडसारखी जागा नाही. नांदगाव तालुक्याचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. मृगात एखादा दणका पाऊस होतो, जमीन भिजते, शेतकरी बाजरी-मका पेरून मोकळा होतो आणि मग पाऊस दडी मारतो. उगवलेलं पीक डोळ्यांदेखत करपतं. दुबार पेरणी हे शब्द या भागात ज्यांनी उच्चारले आहेत त्यांना त्यातला खर्चही माहीत आहे आणि घरातली शांतताही. आता तणाचा विचार करा. पहिल्या पावसाला त्याचं सगळं बी एकदम उगवलं असतं, तर त्या दडीत तेही सगळंच करपलं असतं आणि त्या शेतातून ती जात कायमची संपली असती. तण तसं करत नाही. थोडं बी पहिल्या पावसाला, थोडं पोळ्याच्या सुमाराला, थोडं रब्बीच्या पाण्याला आणि उरलेलं पुढच्या वर्षी किंवा त्याच्याही पुढच्या. तणाला दुबार पेरणी करावी लागत नाही, कारण त्याची दहा वर्षांची पेरणी आधीच जमिनीत झालेली असते.

आपल्या पिकांत ही खोड उरलेली नाही, कारण आपण ती काढून टाकली. हजारो वर्षं माणसाने तेच बी पुढच्या सालाला राखलं जे पेरल्याबरोबर एकजात उगवलं. उशिरा उगवणारं बी कापणीत सापडलंच नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या गळत गेलं. कांद्याचं बी तर याचं टोकाचं उदाहरण आहे. घरात साध्या हवेत ठेवलेलं कांद्याचं बी वर्ष-सव्वा वर्षात आपली उगवणशक्ती गमावू लागतं. म्हणून कांदेवाला दरवर्षी ताजं बी शोधतो आणि जुनं बी नवं म्हणून विकलं गेलं तर रोपवाटिकाच बसते. एका बाजूला वर्षभराचं आयुष्य असलेलं हे पीक आणि दुसऱ्या बाजूला दशकं थांबू शकणारं तण. एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर.

दशकं हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. १८७९ सालच्या शरदात अमेरिकेतल्या मिशिगन इथल्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी २० बाटल्या घेतल्या. शेतकऱ्यांचा त्यांना नेहमीचा प्रश्न असे: तण किती वर्षं उपटलं म्हणजे संपेल? बील यांनी प्रत्येक बाटलीत ओलसर वाळू भरली आणि त्यात २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया मिसळल्या, बहुतेक सगळी तणंच. म्हणजे बाटलीमागे १,०५० बिया. पाणी साचू नये म्हणून तोंडं खाली करून बाटल्या पुरून टाकल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची आणि काय उगवतं ते पाहायचं, असा बेत होता. पुढच्यांनी ते अंतर आधी १० वर्षं केलं, मग २०. २००० साली काढलेल्या बाटलीतल्या एका जंगली तणाच्या ५० पैकी २३ बिया उगवल्या. पिवळ्या फुलांचं, उंच दांड्याचं झाड असतं ते. पुढची बाटली २०२० ची, पण कोविडमुळे ती एप्रिल २०२१ मध्ये निघाली. शास्त्रज्ञ पहाटेच्या अंधारात, हिरवट मंद दिवा घेऊन खणत होते, कारण इतर बियांना उजेडाचा स्पर्शही होऊ द्यायचा नव्हता. त्या बाटलीतून पुन्हा वीस रोपं उगवली. हे बी पुरलं तेव्हा महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडके यांचं बंड नुकतंच मोडलं होतं. बील १९२४ साली गेले. चार बाटल्या अजून जमिनीत आहेत आणि शेवटची २१०० साली उघडायची आहे.

आपल्या शेतातली तणं इतकी वर्षं टिकतात असा याचा अर्थ नाही. उष्ण, ओलसर-कोरड्या होत राहणाऱ्या मातीत बी लवकर संपतं आणि बील यांच्या २१ जातींपैकी बहुतेकही पहिल्या काही दशकांतच मेल्या. तण किती वर्षांत संपेल, या शेतकऱ्यांच्या प्रश्नाला मात्र जातीजातीप्रमाणे वेगळं उत्तर आहे आणि ते एका माणसाच्या उमेदीच्या काळापेक्षा मोठंही असू शकतं, हे त्या बाटल्यांनी कायमचं दाखवून दिलं.

सुप्तावस्थेच्या तऱ्हा पाहायला मिशिगनला जायला नको. बांधावरचं शंखेश्वराचं एक वाळलं बोंड उचला. कुठे त्याला घागरा म्हणतात, कुठे लांडगा. मेंढ्यांच्या लोकरीत आणि धोतराच्या काठात अडकणारं, आकड्यांनी भरलेलं ते काटेरी बोंड जपून चाकूने उभं चिरा. आत दोन कप्पे दिसतील आणि प्रत्येकात एक बी. खालचं जरा मोठं, वरचं जरा लहान. खालचं बी बहुधा पहिल्याच पावसाळ्यात उगवतं. वरच्याच्या सालीतून प्राणवायू सहज आत जात नाही. ते त्याच बोंडात, त्याच जागी, एक-दोन वर्षं थांबतं. पहिलं खुरप्याखाली गेलं तर दुसरं आहे. एका आईने एकाच पाकिटात दोन वेगळ्या तारखा घालून पाठवलेल्या असतात. हे १९०६ सालीच विल्यम क्रॉकर या शास्त्रज्ञाने दाखवलं आणि आजही ते बोंड चिरणाऱ्या कोणालाही दिसतं.

केना त्याच्याही पुढे गेला आहे. मक्यात, कांद्यात, निळ्या फुलांचा हा लुसलुशीत वेल सगळ्यांच्या ओळखीचा. तो उपटताना मुळाशी नीट पाहिलं तर पांढुरक्या फांद्या जमिनीत शिरलेल्या दिसतात आणि त्यांच्यावर फुलं असतात. उजेड कधीच न पाहणारी, कळीतच मिटून फळणारी फुलं. वरच्या फुलांना दोन आकारांच्या बिया येतात आणि जमिनीतल्या फुलांनाही दोन. चार प्रकारच्या बिया, चौघींची उगवायची तऱ्हा वेगळी. जमिनीतलं मोठं बी भराभर उगवतं, वरचं लहान बी खूप मागे राहतं. वरून खुरपलेल्या केन्याने खाली आपलं पुढचं साल आधीच सोडलेलं असतं.

टाकळ्याची गोष्ट साधी आहे. त्याच्या बीचं कवच इतकं घट्ट की पाणीच आत जात नाही. उन्हाळ्यातला ताप, मातीतलं घासणं, जनावराच्या पोटातली सफर, यांतून कधीतरी कवचाला बारीकशी भेग पडते आणि मगच बी फुगतं. गाजरगवताच्या बीभोवती पाण्यात विरघळणारे रोधक पदार्थ असतात. जमीन नीट भिजवणारा पाऊस पडला की ते धुऊन जातात; चार शिंतोड्यांनी जात नाहीत. त्या इवल्या बीपाशी स्वतःचं पर्जन्यमापक आहे आणि ते आपल्या घाईच्या पेरणीपेक्षा पुष्कळदा जास्त भरवशाचं ठरतं.

गाजरगवताकडे आलो आहोत तर मनमाडला थोडं थांबायला हवं. मुंबई-भुसावळचा लोहमार्ग, दौंडकडे जाणारा फाटा, छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादकडे जाणारा फाटा, असे रस्ते इथे मिळतात आणि भारतीय अन्न महामंडळाचं इथलं कोठार आशियातल्या मोठ्या कोठारांत गणलं जातं. धान्य जिथे मालगाडीने हलतं तिथे तणाचं बी त्याच गाडीने हलतं. धान्याच्या एका मालगाडीत साधारण २,६०० टन माल येतो. त्यात किलोमागे तणाची एकच बी आली असं धरा. ती चाळणीत कोणाच्या डोळ्यांना दिसणारही नाही. एका गाडीत २६ लाख बिया झाल्या. १९६६ साली, दुष्काळात, भारताने एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं. किलोला एक या मापाने हजार कोटी बिया होतात.

अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं, असं आपल्याकडे घराघरांत सांगितलं जातं. तारखा पाहिल्या तर हे जरा सावरून सांगायला हवं. पुण्यात उकिरड्यांवर हे झाड प्रा. परांजपे यांच्या नजरेस १९५१ मध्ये पडल्याची नोंद आहे आणि आर. एस. राव यांनी त्यावरचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध केला. भारताचा पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे झाड करारापेक्षा जुनं. अमेरिकेचा गहू मात्र त्याआधी, १९५१ च्या धान्यकर्जातही येत होताच. परदेशी धान्याबरोबर ते आलं, हा तर्क टिकतो. एका योजनेवर सगळा बोल ठेवणं टिकत नाही.

ते कसं आलं यापेक्षा कसं राहिलं हे जास्त थक्क करणारं आहे. गाजरगवताचं एक झाड १५ ते २५ हजार बिया देतं, मोठं झाड लाखाच्याही वर जातं. एका झाडाचे परागकण मोजले गेले आहेत: ६२ कोटी ४० लाखांपर्यंत. पुण्या-बंगळूरकडे त्वचेचे आणि दम्याचे विकार का वाढले ते या एका आकड्यावरून कळावं. ऋतूचं त्याला बंधन नाही. ओल असली की ते वर्षातून तीन-चार पिढ्या काढतं. आता एक गुणाकार करा. एका झाडाच्या २०,००० बिया. त्या सगळ्या उगवून प्रत्येकीने २०,००० दिल्या तर ४० कोटी. त्यांनी पुन्हा तितक्याच दिल्या तर आठ लाख कोटी. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. आठ लाख कोटी त्यावर पसरले, डोंगर, धरणं, रस्ते, घरांची छपरं सगळं धरून, तर प्रत्येक चौरस मीटरवर २६ झाडं येतात. एका झाडापासून, एका वर्षात.

तसं होत नाही, कारण बहुतेक बिया मरतात. पृष्ठभागावर पडलेलं गाजरगवताचं बी उन्हात, पक्ष्यांच्या आणि मुंग्यांच्या तोंडी बहुधा सहा महिन्यांत संपतं. बांधावर मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाभोवती फोलपटांचं कडं पडलेलं असतं, ते एकदा बोटांनी चाळून पाहा. त्यात तणांच्या बियांची रिकामी टरफलं दिसतील. त्या मुंग्या वर्षभर आपल्या शेताची फुकट निंदणी करत असतात. पण हेच बी मातीत चार-पाच सेंटिमीटर खाली गाडलं गेलं की चित्र पालटतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पुरून ठेवलेल्या बियांपैकी दोन वर्षांनी सत्तर टक्क्यांहून जास्त जिवंत निघाल्या आणि त्यावरून त्यांचं अर्धायुष्य सात वर्षांच्या आसपास काढलं गेलं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजाने भारतात गाजरगवताने व्यापलेली जमीन साडेतीन कोटी हेक्टरांच्या घरात आहे. सगळा महाराष्ट्र तीन कोटी आठ लाख हेक्टरांचा.

या झाडावर सोडायला मेक्सिकोतून एक भुंगा आणला गेला, झायगोग्रामा. १९८३ मध्ये तो बंगळूरला आला, १९८४ मध्ये मोकळा सोडला गेला आणि महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांनीही तो शेतकऱ्यांना वाटला. पावसाळ्यात तो झाडांची पानं फस्त करतो. पाऊस संपला की हा भुंगाही मातीत शिरून पुढच्या पावसापर्यंत झोपतो आणि नेमकं तेव्हा, कांद्याच्या रब्बी पाण्यावर, गाजरगवत नव्याने उगवत असतं. दोघंही झोपतात, पण दोघांची वेळ जुळत नाही. त्या भुंग्याकडून आपण पुरतं काम होईल अशी अपेक्षा करत राहिलो, ते चुकलंच.

झोपलेलं बी जागं कशाने होतं? सगळ्यात मोठी खूण उजेडाची. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे १९५२ मध्ये सॅलडच्या पानांच्या बियांवर दिसलं की लाल प्रकाश पडला की बी उगवतं, त्यानंतर गडद लाल, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला तर पुन्हा झोपतं. पुन्हा लाल, पुन्हा जागं. कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर ठरतं. बीतला हा प्रकाश ओळखणारा पदार्थ म्हणजे फायटोक्रोम. उन्हात लाल भरपूर असतो. पानांच्या सावलीत तो पानं शोषून घेतात आणि गडद लाल तेवढा खाली झिरपतो. म्हणजे दाट पिकाखालच्या बीला कळतं की वर जागा नाही, झोपून राहा.

कांद्याची गोची इथेच आहे. त्याची पात उभी, नळीसारखी, विरळ. सबंध आयुष्यात तो जमिनीवर सावली धरत नाही. चार महिने त्या वाफ्यातल्या प्रत्येक बीला ऊन सांगत राहतं की जागा मोकळी आहे. तण नीट आवरलं नाही तर कांद्याचं निम्म्याहून जास्त उत्पादन जाऊ शकतं, त्याचं कारण या उभ्या पातीत आणि कांद्याच्या उथळ मुळांत आहे.

मातीत काही महिने पुरल्यावर बीची ही प्रकाशसंवेदना हजारो पटींनी वाढते, हे अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये धोतऱ्याच्या एका जातभाईवर दाखवलं. नांगराच्या फाळाने ढेकूळ उलटलं, बी सेकंदाच्या लहानशा अंशापुरतं उन्हात आलं आणि पुन्हा मातीत गेलं, तेवढं त्याला पुरतं. मग जर्मनीत हार्टमान यांनी सरळ रात्री नांगरून पाहिलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दिवसा मशागत केलेल्या पट्ट्यात तणांनी ८० टक्के जमीन झाकली आणि रात्री केलेल्या पट्ट्यात २ टक्के. नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत फरक इतका मोठा आला नाही, काही तणांवर तर काहीच आला नाही. ज्या बियांना उजेड लागतच नाही त्यांना रात्र-दिवस सारखाच. म्हणून हा उपाय डोळे झाकून सांगण्यासारखा नाही. पण आपला शेतकरी विजेच्या वेळापत्रकापायी अशीही रात्र शेतात काढतोच. एखाद्या वाफ्यात पाळी रात्री घालून, शेजारच्यात दिवसा घालून, स्वतःच्या डोळ्यांनी मोजून पाहायला हरकत नाही.

आता चार कोटींचा हिशेब पुरा करू. इंग्लंडमध्ये वेल्सबर्न इथल्या भाजीपाला संशोधन केंद्रात रॉबर्ट्स आणि डॉकिन्स यांनी १९६७ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. नवं एकही बी पडू दिलं नाही, तर जमिनीतला साठा किती घटतो? हात न लावलेल्या जमिनीत वर्षाला २२ टक्क्यांनी. वर्षातून दोनदा खणलेल्या जमिनीत ३० टक्क्यांनी. चारदा खणलेल्या जमिनीत ३६ टक्क्यांनी. आपली माती उष्ण आहे, वेग वेगळा असणार, पण हिशेबाची चाल तीच. ३६ टक्के धरले तर चार कोटींचे चार लाख व्हायला, म्हणजे शंभरातलं एक उरायला, दहाहून थोडी जास्त वर्षं लागतात. २२ टक्के धरले तर साडेअठरा. आणि ही अट आहे की या सगळ्या वर्षांत शेतात एकाही तणाने बी टाकायचं नाही.

समजा कोणी हे व्रत दहा वर्षं पाळलं. साठा साडेचार लाखांवर आला. अकराव्या वर्षी बांधाच्या कोपऱ्यात काटेमाठाचं एक झाड राहून गेलं. काटेमाठाच्या एका जोमदार झाडाच्या बिया २ लाख ३५ हजारांपर्यंत मोजल्या गेल्या आहेत. दहा वर्षांनी जेवढं उरलं होतं त्याच्या निम्मं बी एका झाडाने एका हंगामात परत टाकलं. तणाच्या बाबतीत सगळा खेळ या एका ओळीत आहे आणि आपण मात्र सगळी ताकद पीक लहान असताना खर्च करतो आणि पीक निघत आलं की तणाकडे पाहायचं सोडून देतो. कांद्याची मान पडली, आता तण राहिलं काय नि गेलं काय, असं म्हणून जे सोडलं जातं तेच पुढची दहा वर्षं वर येत राहतं.

तणनाशकाचंही असंच. कांद्यात लागवडीच्या सुमारास ऑक्सिफ्लोरफेन मारतात. जमिनीच्या वरच्या पापुद्र्यात त्याचा थर राहतो आणि त्यातून डोकं वर काढणारं कोवळं तण जळतं. झोपलेल्या बीला ते शिवत नाही. जे जागं झालं आहे त्यालाच औषध मारतं, म्हणून राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत फवारणीच्या जोडीला ४० ते ६० दिवसांनी एक हाताची खुरपणी कायम आहे.

झोपलेल्याला मारायचा एक मार्ग मात्र आहे: त्याला चुकीच्या वेळी जागं करणं. याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याच्या सुरुवातीला एक भारतीय विद्यार्थी होता. १९५६ साली कॅरोलिना भागात मका अकारण सुकत होता. तिथे शिकायला गेलेल्या या विद्यार्थ्याने मुळाशी उगवलेलं इवलं फुलझाड पाहून ओळखलं. आपल्याकडे ज्वारी-उसाच्या मुळांवर जगणारा हा टारफुला. त्याचं बी मिलिमीटरच्या पाव भागाएवढं. एका ग्रॅममध्ये दीड-दोन लाख बिया बसतात आणि एक झाड ५० हजारांपासून पाच लाखांपर्यंत बिया देतं. यजमान पिकाच्या मुळातून झिरपणारं एक विशिष्ट द्रव्य जवळ आलं नाही तर ते बी उगवतच नाही, पंधरा-वीस वर्षंही थांबतं. ते द्रव्य १९६६ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, तेही कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही, पण कापूस त्याला उठवतो. उठलेलं बी पोसणारं मूळ न मिळून चार दिवसांत मरतं. अमेरिकेने तेच काम इथिलीन वायूने केलं, केळी पिकवायला वापरतात तोच वायू. तो जमिनीत टोचून बियांना फसवून उगवायला लावलं. ४ लाख ३२ हजार एकरांवर पसरलेला टारफुला काही दशकांत शंभरातल्या एका भागाहूनही कमी उरला. त्यासाठी पंचवीस कोटी डॉलरच्या वर खर्च आला. आपल्या मालेगाव-चाळीसगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हेच काम ज्वारीनंतर कापूस घेऊन, वायूवर एक पैसा न घालता करता येतं.

इतर तणांनाही असंच फसवता येतं. कांदा लावायच्या आधी वाफे तयार करून पाणी द्यायचं, लावणीची घाई करायची नाही. वाफसा आला, हिरवी लव फुटली की अगदी वरवरची पाळी द्यायची, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल नाही, म्हणजे खालचं नवं बी वर येत नाही. पाण्याची सोय असेल तर हेच पुन्हा एकदा. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावर एप्रिल-मेमध्ये पाणी देऊन पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवलं तर वरच्या मातीचा ताप ५० अंशांच्या वर जातो आणि ओल्या गरमीत बी अक्षरशः शिजतं. मनमाडच्या उन्हाळ्याचा इतका उपयोग दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. लव्हाळ्यापुढे मात्र हे कमी पडतं. तो बीवर जगतच नाही, त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात. त्याला उन्हाळी खोल नांगरटीने गाठी वर काढून वाळवणंच लागू पडतं. बियांवर येणाऱ्या तणांना ती खोल नांगरट उलट जपते: वरचं बी खाली सुरक्षित जातं आणि दोन-तीन वर्षांनी पुढची नांगरट त्याला पुन्हा उजेडात आणते. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विनानांगरणीची शेती इतकी वर्षं लावून धरली. दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच गोष्टी कांद्याला लागू होतील असं नाही. पण न हलवलेल्या मातीत खालचं बी झोपून राहतं आणि वरचं मुंग्या खातात, हे त्यामागचं गणित पक्कं आहे.

शेणखत पुरतं कुजलेलं आहे ना हे पाहून टाका. आतला ताप ५५-६० अंशांपर्यंत चढला नसेल तर ते खत टाकणं म्हणजे तणाची पेरणी. भाड्याने आलेलं हार्वेस्टर शेतात शिरण्याआधी बाहेरच झाडून घ्या, कारण त्याच्या पोटात आधीच्या दहा गावांचं बी असतं. जबलपूरचं संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं, पण त्याची वाट पाहू नका. पहिला पाऊस होऊन माती भुसभुशीत झाली की हातमोजे घालून, पांढरं फूल दिसायच्या आत गाजरगवत मुळासकट उपटा. फुलाआधी उपटलेलं खतखड्ड्यात चालतं, फुलावर आलेलं तिथे टाकू नका. आणि स्वतःच्या वाफ्यापाशी थांबू नका: बांध, चारी, विहिरीची कड, शेताला लागून जाणारा रस्ता आणि रुळाच्या बाजूची पडीक पट्टी, हे सगळं त्याच दिवशी उरकून घ्या.